मदत हवी आहे: फारसे कोणी न ऐकलेले रॉक आणि इंडी (मोठ्या कंपनीशिवाय स्वतःची गाणी काढणारे) कलाकार सुचवा

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याची, नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. सकाळी कंपनीच्या बसमध्ये पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास, आणि बोरीच्या पुलावर गाड्या अडल्या की त्याहून जास्त. दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो आणि तो मी गाण्यांना देते. पण गेले काही महिने ॲप जे पुढे करतं त्यात तीच वीस-पंचवीस गाणी फिरून येताहेत. एखादं अनोळखी नाव हुडकून ऐकावं, आवडलं म्हणून खूण करावी, तर पुढचं गाणं पुन्हा सगळ्या जगाला पाठ असलेलं.

कॉलेजात असताना मडगावात एक कॅसेटचं दुकान होतं. दुकानदार आपण काय घेतलं ते लक्षात ठेवायचा. "हे आवडलं ना, मग आता हे घरी ने, नाही आवडलं तर परत आण," असं म्हणायचा. मी एकही कॅसेट परत केली नाही. ते दुकान कधीच बंद झालं. मला आता तसा सांगणारा माणूस हवाय, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या घरी रॉक कोणी ऐकत नसे. बाबा देवळात भजनाला बसायचे, नाट्यसंगीत रोजचं. पण चवथीला घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावरची आरती, ऐकत वाढलेल्या कानाला ड्रम्स परके वाटत नाहीत, हा माझा अनुभव. घुमटाच्या साथीला वाजणाऱ्या समेळ या ढोलावर काठी पडते तेव्हा छातीत जे होतं, तेच चांगल्या रॉक गाण्यात होतं.

आतापर्यंत काय सापडलं ते सांगते, म्हणजे तीच नावं पुन्हा येणार नाहीत.

रेमो फर्नांडिस सर्वांना माहीत आहेत, पण बहुतेकांना त्यांची सिनेमातली गाणीच. १९८४ सालचा 'गोवन क्रेझी' किती जणांनी ऐकलाय? शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर वाद्यं स्वतःच वाजवत, एकावर एक थर चढवत केलेला अल्बम. मुंबईच्या कंपन्यांकडून दाद मिळाली नाही, तेव्हा कॅसेट काढून स्कूटरवरून दुकानादुकानांत स्वतः पोचवल्या. 'इंडी' हा शब्द इथे रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, आणि तीही आपल्या बार्देशातली.

दुसरा, एमडू मोक्तार. नायजर देशातला, सहारा वाळवंटातल्या तुआरेग समाजाचा गिटारवादक. पहिली गिटार त्याने स्वतः बनवली, तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या केबल लावल्या. त्याची सुरुवातीची गाणी त्या वाळवंटी मुलखात मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून, एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये पसरली. गातो तमाशेक या तुआरेगांच्या भाषेत. मला त्यातलं अक्षर कळत नाही, तरी २०२१ चा 'आफ्रीक व्हिक्टीम' मी बसमध्ये सलग आठवडाभर ऐकला.

तिसरा, डेट्रॉइटचा डेथ नावाचा बँड. तीन कृष्णवर्णीय भाऊ. १९७५ मध्ये त्यांनी जे रेकॉर्ड केलं त्याला, म्हणजे तशा वेगवान, खडबडीत रॉकला, पुढे लोक पंक म्हणू लागले. रेकॉर्ड कंपनी म्हणाली, बँडचं नाव बदला. थोरला डेव्हिड म्हणाला, बदलणार नाही. अल्बम पडून राहिला तो २००९ पर्यंत, आणि डेव्हिड २००० सालीच गेला होता. हे कळल्यावर ती गाणी मला नुसती बसमध्ये ऐकवेनात, घरी दार लावून ऐकली.

भारतातल्यांत वॉरन मेंडोन्सा यांचा ब्लॅकस्ट्रॅटब्लूज ऐकते. शब्द नाहीत, गिटारच बोलते.

आता मला काय हवंय? आपापल्या भाषेत गाणारे, इंग्रजीचा अट्टहास नसलेले. मराठीत कोणी असेल तर फारच बरं. नुसती नावांची यादी नको. एकच नाव द्या, पण कुठल्या गाण्यापासून सुरू करू आणि तुम्हाला ते का भिडलं, हे दोन ओळींत लिहा.

आणखी एक. गोव्यात स्वतःची गाणी वाजवणारे बँड कुठे ऐकायला मिळतात? माझा भाचा बारावीला आहे, मित्रांबरोबर वाजवतो. किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी त्यांना वाजवायला बोलावलं, आणि आधीच बजावलं की गिऱ्हाइकांना ओळखीचीच गाणी हवीत, तुमची नकोत. पोरं तीन तास दुसऱ्यांची गाणी वाजवून परत आली. त्यांच्या तीन गाण्यांतलं एक मी ऐकलंय. कच्चं आहे, पण खरं आहे. त्याला ऐकवायलाही मला हे कलाकार हवेत.

प्रतिसाद १

ताई, मी पुण्याचा, पण शिक्षण गोव्यात झालं. तुमच्या अटीत बसणारं एकच नाव देतो: अवियल. केरळचा बँड, २००८ चा त्याच नावाचा अल्बम. सगळं मल्याळममध्ये. 'नडा नडा'पासून सुरू करा. लोकगीताचा ठेका आणि जड गिटार एकमेकांना इतकी चिकटलेली मी दुसरीकडे ऐकली नाहीत.

मराठीसाठी अभंग रिपोस्ट ऐका. तुकोबांचे अभंग बास आणि ड्रम्सच्या साथीने गातात. भजन ऐकून वाढलात, म्हणजे कुठे चाल मोडली आणि कुठे राखली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

शोधायची रीतही सांगतो. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या वेबसाइटवर अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. त्यातल्या एकावर टिचकी मारली की त्या माणसाने घेतलेले सगळे अल्बम उघडतात. तुमच्या आवडीचा आडवळणाचा अल्बम ज्याने पैसे मोजून घेतला, त्याच्या फडताळात आणखी पाच चांगले निघतातच. तुमचा मडगावचा दुकानदार मला तरी तिथेच भेटला. आवडलं तर विकतही घ्या. डिजिटल विक्रीवर ते सुरुवातीला पंधरा टक्के कापतात, बाकीचा मोठा भाग कलाकाराला जातो. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. भाच्याला हे आत्ताच माहीत असू दे.

प्रतिसाद २

ताई, मी म्हापशाचा, वयाने तुमच्याहून बराच मोठा. आमच्या वेळी 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक होतं. १९९३ मध्ये अलाहाबादहून निघालं. अंक हातोहात फिरायचा. मुंबई-दिल्लीपलीकडेही बँड आहेत हे आम्हाला त्यातून कळलं. ते काढणारे अमित सैगल २०१२ मध्ये इथेच गोव्याच्या समुद्रात बुडून गेले. त्या दिवशी मी जुने अंक काढून बसलो होतो.

माझं एक नाव: शिलाँगचे सोलमेट. ब्लूज वाजवतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसच्या ब्लूज स्पर्धेत भारतातर्फे गेले होते. त्यांच्या गायिका टिप्रीती खारबंगर यांचा आवाज प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमध्येच ऐका, स्टुडिओत तो निम्मा वाटतो. इंग्रजीत गातात, तेवढं माफ करा.

गोव्यात ऐकायचं तर डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, २०१६ पासून. कार्यक्रमपत्रिका नीट वाचा. मोठ्या नावांच्या खाली बारीक अक्षरात जे असतात, त्यांच्यासाठी जा. भाच्याला बरोबर न्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, काका, मनापासून आभार. 'नडा नडा' आज येताना चार वेळा ऐकलं. ड्रम्स सुरू होतात तिथे मला आरतीतला वाढता ठेका आठवला आणि बसमध्ये बोटं खिडकीच्या काचेवर वाजायला लागली. शेजारी बसलेल्या सहकारी बाईंनी विचारलं काय ऐकतेस, तर एक इअरफोन त्यांना दिला. मळ्याच्या उतारापर्यंत दोघींनी मिळून ऐकलं.

अभंग रिपोस्ट रविवारी बाबांबरोबर ऐकणार आहे, एकटीने नाही.

काका, सोलमेटचं एक जुनं रेकॉर्डिंग भाच्याला पाठवलं. त्याचं उत्तर रात्री साडेअकराला आलं: "मावशी, या बाई गाताना श्वास कुठे घेतात?" इंग्रजीचं माफ आहे. पण शिलाँगकडे खासी भाषेत रॉक गाणारे कोणी आहेत का? कोणाला माहीत असेल तर गाण्याच्या नावासकट सांगा, सोमवारी सकाळी बसमध्ये ऐकते.