१०७ पदकांचा ढोल अजून किती दिवस बडवायचा?

उंटावरचा शहाणा:
काल जल्लोषरावांनी लिहिलं, "आशियाई स्पर्धांत हांगझोऊला १०७ पदकं घेतली, आता नागोयात सव्वाशे. रडक्यांनी तोंडं लपवावीत." मी त्या रडक्यांपैकीच एक. तोंड लपवायचा विचार नाही, त्यामुळे हे जरा लांबेल.

१०७ खरीच आहेत. २८ सुवर्ण, चौथा क्रमांक, जकार्त्यातल्या ७० वरून उडी. मीही ऑफिसात टेबलाखाली मोबाइल धरून पाहत होतो. पण त्या २८ ची फोड केलीत का कधी? कबड्डीची दोन, क्रिकेटची दोन, स्क्वॉशची दोन, कंपाउंड (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या) तिरंदाजीची पाच. ही अकरा पॅरिस ऑलिंपिकला नव्हतीच. नेमबाजीच्या सातपैकी पाच तिघा-तिघांच्या संघांची, तो प्रकारही ऑलिंपिकात नाही. झाली सोळा. पुरुषांच्या क्रिकेटची तर फायनल पावसात वाहून गेली आणि मानांकन वरचं म्हणून सोनं गळ्यात पडलं.

दहा महिन्यांनी पॅरिसला गेलो. सहा पदकं, सुवर्ण शून्य. हांगझोऊत उझबेकिस्तान आपल्या एक पायरी खाली होता, २२ सुवर्णांसह. तो पॅरिसहून आठ सुवर्ण घेऊन आला, त्यातली पाच एकट्या बॉक्सिंगची. लोकसंख्या आपल्या महाराष्ट्राच्या निम्मीसुद्धा नाही. आता वाजवा ढोल.

जल्लोषराव:
हिशोबतपासनीसांना नमस्कार. १९९० चं बीजिंग आठवतंय? अख्ख्या देशाला एक सुवर्ण, तेही कबड्डीचं. मी शाळेत होतो. वडील शेवटचं पान आधी उघडायचे आणि काही न बोलता घडी घालून ठेवायचे. तो पेपर ज्याने पाहिलाय त्याला १०७ चा अर्थ कळतो. तुम्हाला लग्नात जेवण चांगलं झालं तरी पापड मऊ होता हे सांगायचंच असतं.

आणि तुमच्या उरलेल्या बारात अविनाश साबळे आहे बरं का. आष्टी तालुक्यातलं मांडवा, शाळेला सहा किलोमीटर पायी, पुढे सैन्यात, सियाचीन. स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८:१९.५० मिनिटांत, स्पर्धाविक्रम. पुसा तोही.

उंटावरचा शहाणा:
साबळेला कोण पुसतंय? ऑलिंपिकच्या फायनलमध्ये धावणारा तो पहिला भारतीय पुरुष स्टीपलचेसर, आणि पॅरिसला तिथे अकरावा आला. आशियात पहिला, जगात अकरावा. मी तेवढंच तर सांगतोय.

वऱ्हाडी ठेचा:
कंपाउंडवर काहून घसरता राजेहो? ओजस देवतळे नागपूरचा, एकट्याची तीन सुवर्णं. प्रथमेश जावकर बुलढाण्याचा, अदिती स्वामी साताऱ्याची. ऑलिंपिकवाल्यांनी तो खेळ घेतला नाही हा पोरांचा गुन्हा काय?

माही लेक कंपाउंड खेळते. राज्य स्पर्धेला जनरलच्या डब्यातून गेलो. धनुष्याची पेटी पाहून बाजूचा म्हणे, "काका, बंदूक हाय का आत?" पेटी रात्रभर मांडीवर घेऊन बसलो, कोणाचा पाय पडू नये म्हणून. बाण तुटला की त्या महिन्याचं बजेट कोलमडतं. आणि २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडची मिश्र स्पर्धा आहे, वाचत जा. स्क्वॉश आणि क्रिकेटही आहे. तुमचे सोळा तेव्हा किती उरतील ते मोजून ठेवा.

लंगोटबंद:
सगळं बोललासा, कुस्तीचं नाव कुणी काढलं न्हाई. हांगझोऊत सहा पदकं, एक बी सोनं न्हाई. आणि सहाच्या सहा हरयाणाची! १९६२ ला जकार्त्यात मारुती माने आणि गणपतराव आंदळकर, दोघं बी एकेक सुवर्ण, एकेक रौप्य घेऊन आलं हुतं. आता आमी बक्षिसाच्या गदेवर आणि बुलेटवर खूश.

राईचा पर्वत:
कारण उघड आहे. अजूनही महाराष्ट्र केसरीला माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा. जगात मातीवर पदक देतं कोण? खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये पहिल्यांदा गादीवर उतरले, सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्य. धडा तेव्हाच मिळाला होता. माती बंद करा.

लंगोटबंद:
खाशाबा, माने, आंदळकर, सगळी मातीत घोळलेली माणसं हुती! माती बंद करा म्हणं. तुमी लंगोट बांधलाय का कधी?

राईचा पर्वत:
नाही बांधला. खुर्चीवरचा मल्ल आहे मी. पण नियम वाचलेत. तुम्ही वाचलेत का? मातीत अर्धा तास खडाखडी चालते. गादीवर दीड मिनिटात दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती संपली.

लंगोटबंद:
वाचायची गरज न्हाई, भोगलंय. सतरा वर्षांचा हुतो. आमच्या तालमीला गादी आली, नारळ फुटला, पुढाऱ्याचा फोटो झाला. पत्रा गळत हुता म्हणून गादी गुंडाळून माळ्यावर ठेवली, ती उंदरांनी खाल्ली. जिल्ह्याला पयल्यांदा गादीवर उभा ऱ्हायलो तर पाय कुठं धरावा कळंना. एक मिनिटात ०-१०. सायकलवरनं घरी आलो, आईला म्हटलं पोट दुखतंय. त्यात मातीचा काय दोष? गादी द्या, कोच द्या, मग बोला. आणि जत्रंतली एक कुस्ती मारली की वर्षाचा खुराक निघतो. राष्ट्रीय कांस्य घेऊन आलेला आमचा जोडीदार आज दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर हाय.

राईचा पर्वत:
म्हणजे गादी हवी. मी दुसरं काय म्हणालो?

लंगोटबंद:
तुमी "माती बंद" म्हणालासा. वर जाऊन बघा.

कुंपणकर:
विषय आशियाई स्पर्धांचा होता ना? की मी चुकून तालमीत शिरलो?

राईचा पर्वत:
कुंपणावरून उतरा, मग सांगतो. आणि लंगोटबंद, दोन विभाग ठेवून फायनलला मातीचा विजेता गादीवाल्याशी लढवायचा, ही सर्कस आहे. बंद म्हणालो, ठीक, शब्द मागे. पण मातीला जत्रा पुरेशा आहेत, स्पर्धा एकाच गादीवर घ्या.

वऱ्हाडी ठेचा:
इथं आमच्या पोरी धनुष्य मांडीवर घेऊन फिरतात अन् तुमचं गादीपुराण संपत नाही.

जल्लोषराव:
उंटावरून खाली बघा जरा शहाणे. ती "ऑलिंपिकात नसलेली" सांघिक सुवर्णं. त्यातल्या पन्नास मीटर थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून रायफल नेमबाजी) संघात कोण होता? स्वप्नील कुसळे. वैयक्तिक फायनलला आघाडीवर होता, एक ७.६ चा फटका पडला आणि चौथा झाला. दहा महिन्यांनी पॅरिसला त्याच प्रकारात कांस्य. फुकटच्या पदकांतून आला का तो?

उंटावरचा शहाणा:
फुकटची मी म्हणालो नव्हतो. पण कुसळे आठवला नव्हता, हे खरं. घ्या, सोळातून एक वजा. पंधरा. झालं समाधान?

जल्लोषराव:
एकदम एक? उपकार झाले.

लंगोटबंद:
कुसळे आमच्या कोल्हापूरचा. आता गादीचं काय ते बोला.