दरवर्षीचा लेअर ठेवला म्हणजे नकाशात काळ आला, हे कुणी सांगितलं?

बांधावरचा

परवा एका भाऊंनी लिहिलं की जीआयएसमधला (कॉम्प्युटरवरच्या नकाशा-माहितीतला) 'काळ' हा पीएचडीवाल्यांनी उगाच फुगवलेला विषय आहे, दरवर्षीचा एक लेअर, म्हणजे नकाशाचा एक थर ठेवा, खाली साल पुढं-मागं सरकवायचा स्लायडर लावा, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ३.१४ आवृत्तीपासून त्यासाठी टेम्पोरल कंट्रोलर फुकट मिळतोय, विषय संपला. खाली नुसते अंगठे. एकानं बी विचारलं नाही की मालक, दोन लेअरच्या मधे काय झालं ते कुठं लिहिलंय? म्हणून हे लांबण.

स्लायडर हा दाखवायचा भाग झाला, साठवायचं काय त्याचं बोला. दोन सालांचे लेअर एकावर एक टाकले की काय बदललं ते दिसतं, पण कधी बदललं, कशानं बदललं, मधे दोनदा बदलून परत होतं तसंच झालं का, यातलं काहीच कळत नाही. मागं एका पोराचा सेमिनार ऐकला. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ ला २१ लाखाच्या वर, २००१ ला १५ लाखाच्या आसपास, आणि पोरगं दुष्काळ, ऊसतोड, पुण्याला स्थलांतर असं सगळं धाडधाड मांडायलं. अरे बाबा, १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, लोकं कुठं गेली नाहीत, रेघ गेली! त्याच्या दोन्ही लेअरमध्ये चूक नव्हती, चूक मधे होती आणि मधलं साठवायला त्याच्याकडं जागाच नव्हती.

जालन्याचं तर अजून भारी. १९८१ ची जनगणना फेब्रुवारी-मार्चमध्ये, जालना जिल्हा १ मे १९८१ ला, त्यात परतूर परभणीतून आलं आणि बाकीचे तालुके औरंगाबादेतून. तर '१९८१ चा लेअर' म्हणजे मार्चचा का मे महिन्यातला? सांगा ना.

आणि हे काही बाहेरून शिकून यायचं ज्ञान नाही. फेरफार रजिस्टर काढून बघा. म्हातारा वारला त्याची तारीख वेगळी, वारसांनी अर्ज दिला ती वेगळी, तलाठ्यानं नोंद धरली ती वेगळी आणि मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केली ती अजून वेगळी. जुन्या हाती सातबाऱ्यावर गेलेल्या माणसाच्या नावाला कंस पडायचा, नाव तिथंच राहायचं. डेटाबेसवाले ज्याला व्हॅलिड टाइम आणि ट्रान्झॅक्शन टाइम म्हणतात, म्हणजे गोष्ट खरी कधी झाली आणि दप्तराला कधी कळली, ते आपल्या चावडीत कधीपासून चालू आहे. लँग्रन आणि क्रिसमन या जीआयएसच्या संशोधकांनी १९८८ लाच मांडलं होतं की सगळ्या बदलांच्या रेघा एकत्र टाकून जमिनीचे बारके तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा इतिहास चिकटवा. प्यूके बाईंनी १९९५ ला घटनांवरच आधारलेलं मॉडेल दिलं. तीस वर्षं झाली त्याला. आणि आम्ही काय केलं, तर कागद स्कॅन करून आजची तेवढी सीमा ठेवली. कागदाला जी आठवण होती ती कॉम्प्युटरवर चढवताना आपणच गाळली.

स्लायडरवाला

ती पोस्ट माझीच होती, नाव घ्यायला लाजायलात कशाला.

तुमचं सगळं सीमांचं आहे, जिल्हा, गट नंबर, बांध. सीमेला 'घटना' असते, अधिसूचना निघते, तारीख असते. माझं काम पाण्याचं आणि पिकाचं. लँडसॅटचे उपग्रह १९७२ पासून फोटो काढतंय, सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून पाच दिवसाला एक चित्र देतात, ढग असले तर तेही नाही. जग मला स्नॅपशॉटमध्येच मिळतं भाऊ, मी काय करू? मांजरा धरण २०१६ ला कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, यात 'घटना' नेमकी कोणती आणि कोणत्या तारखेची? पाणी रोज बोटभर खाली जातंय, त्याचा फेरफार धरायचा का रोज? मंडळ अधिकारी येतेत का प्रमाणित करायला?

आणि तो सगळा इतिहास भरणार कोण? आमच्याकडं साध्या विहिरी भरायला माणूस मिळंना गेलाय.

उमरग्याकडचा

दोघांनाही एक विचारतो. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाट. यापेक्षा पक्की घटना मराठवाड्यात दुसरी नसेल. आमचं आजोळ त्यातलंच. जुनं गाव पडलं, नवं गाव दुसरीकडं बसलं, नाव तेच, ग्रामपंचायत तीच, माणसं (राहिली ती) तीच. आता नकाशावर गाव 'हललं' म्हणायचं, का जुनं गाव मेलं आणि नवं जन्मलं म्हणायचं? स्लायडर ओढला तर ठिपका टुणकन इकडून तिकडं उडतो. पण मधे लोकं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली ना कितीतरी दिवस, तो ठिपका कुठं टाकायचा? मामा तर अजून 'गावात जाऊन येतो' म्हणला की जुन्या जागेवरच जातो. घटनावाल्याचं मॉडेल बी इथं फसतंय, कारण भूकंप काही सेकंदांचा आणि गाव हलणं काही वर्षांचं.

परळीची ताई

याच्यातच माझं दुखणं घालते. २०२३ ला छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झालं, ते झालं ते झालं, त्यावर भांडायचं नाहीये मला. पण आमच्याकडं येणाऱ्या एक्सेलमध्ये अजून जुनी-नवी, दोन-तीन प्रकारानं नावं येतात आणि लोक नावावरच टेबल जोडतात. मग दोन जिल्हे नकाशात पांढरे. वरचे साहेब म्हणतात ताई तुमचा नकाशा चुकला. जिल्ह्याला कोड असतो, कोड ठेवा, नावाला 'कधीपासून कधीपर्यंत' असे दोन कॉलम लावा, एवढंच मागणं आहे. यासाठी ना घटना लागते ना स्लायडर, डोकं लागतं.

नाथसागर

पाण्याचा विषय निघालाच आहे तर जायकवाडीचं बोलू. कुठलाही नकाशा उघडा, नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, निळाच्या निळा, पूर्ण संचय पातळी १५२२ फुटाची रेघ. आणि प्रत्यक्षात? पाणी मागं हटलं की गाळपेर. आमचा चुलता त्या 'निळ्या' रंगात हरभरा अन् ज्वारी काढतो दर साली. सप्टेंबरात धरण, माघात शेत. नकाशावरचा आकार (पॉलिगॉन) तोच, साल तेच. वर्षाला एक लेअर ठेवणाऱ्यानं सांगावं, चुलता शेतकरी का मासा?

आणि खरी गंमत पुढंच. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्याच्या खाली साठा असला तर वरच्या धरणांतून सोडायचं, २०१४ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा निर्णय. म्हणजे अख्ख्या मराठवाड्याचं पाणी एका तारखेच्या एका फोटोवर. त्यासाठी सुद्धा दरवेळी कोर्टकचेऱ्या!

वरच्या अंगाचा

मी नगर जिल्ह्यातला, इथं नकाशाचं वाचायला आलो होतो. पण हे ऐकून घेणार नाही. आमच्या मुळा-भंडारदऱ्याचं पाणी सोडतात आणि निम्मं वाळूतच जिरतं, ते कुठल्या लेअरमध्ये दाखवता? तुमच्या दारातून गोदावरी वाहते, आमच्याकडं टँकर.

नाथसागर

निम्मं जिरतं का निम्मं मोटारी ओढतात? काठाचे वीजपुरवठे बंद ठेवावे लागतात पाणी सोडताना, कशासाठी बरं? आणि टँकर आम्हाला दाखवू नका साहेब, टँकरच्या बाबतीत आम्ही लई सीनियर आहोत.

वरच्या अंगाचा

धरण बांधतानाच पाण्याचा हिशोब फुगवून बांधलं, त्याला आम्ही काय करणार. १९७६ पासून किती वेळा भरलं ते आधी मोजा.

लातूरकर काका

भरत नाही म्हणूनच तर वरच्यांनी वर किती अडवलं ते मोजायचं असतं बाळा! धरण बांधलं तेव्हाचं खोरं आणि आत्ताचं खोरं सारखं आहे का? वर नवी धरणं, बंधारे, शेततळी. याचा तरी लेअर कुणी केलाय का वर्षावार? शेततळ्याचं अनुदान वाटताना फोटो काढतात ते फक्त पावतीला. आणि आम्हाला तर जायकवाडीचं बी नाही मिळत, आम्ही मांजराच्या जिवावर. तुमचं भांडण श्रीमंतांचं भांडण आहे.

बांधावरचा

अहो धागा कशाचा आहे! जाऊ द्या, आता आलंच आहे तर याच्यातूनच सांगतो. ६५ टक्के म्हणजे कशाचे? कोणत्या पातळीला किती पाणी, याचा तक्ता असतो. तळाला गाळ साचला की तळच बदलतं, तीच पातळी असली तरी पाणी कमी. गाळाचं सर्वेक्षण होऊन नवा तक्ता निघतो तेव्हा मागच्या वर्षांचे आकडे कोणत्या तक्त्यानं वाचायचे? तेव्हा जो लागू होता त्यानं, का आत्ता जे कळलंय त्यानं? निर्णय घेतला तेव्हा दप्तरात काय होतं ते एक, आणि प्रत्यक्षात किती पाणी होतं ते दुसरं. दोन्ही ठेवावं लागतं. हेच मी पहिल्यापासून सांगायलोय, फक्त तिथं म्हातारा वारला होता आणि इथं गाळ साचलाय. स्लायडरवर हे कसं दाखवता ते दाखवाच.

स्लायडरवाला

बरं, हे मान्य. आनंद झाला? तक्त्याला दोन्ही तारखा पाहिजेत. पण त्यातली पाण्याची रेघ मात्र माझ्या पाच दिवसांच्या फोटोतूनच येणार, तुमच्या फेरफारातून नाही.

निवृत्त भूकरमापक

बांधावरच्या भाऊंना फेरफाराचं लई प्रेम दिसतं. आम्ही नोकरी त्यात घालवली, म्हणून सांगतो. वारस नोंदीच्या तारखा खऱ्या मानून चालू नका. माणूस वारल्यावर पोरं भांडतात, मग कुणाला पीककर्ज पाहिजे असतं तेव्हा नोंद होते, मधे कितीतरी साल गेलेली असतात. वाटणी तर तोंडी झालेली, बांध कधीच पडलेला. सातबाऱ्यावर पाच भावांची नावं, क्षेत्र अलग अलग, आणि नकाशावर गट एकच, कारण पोटहिस्स्याची मोजणी कुणी केलीच नाही. म्हणजे घटना अक्षरात आहे, आकार तसाच. तुम्ही म्हणता कागदाला आठवण होती. अर्धी होती. नकाशाला ती तेव्हा बी नव्हती, कॉम्प्युटरला दोष देऊ नका.

आणि जमिनीच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट झाले तेव्हाचं विचारूच नका. एका गावात जुना नंबर आणि नवा गट जुळवायला गेलो तर लोक म्हणाले साहेब आमच्या ताब्यात ते नाहीच, कागदावर दुसऱ्याचं आणि पेरतो आम्ही. खासरा पाहणी पत्रकापासून कागद लावत बसलो, संध्याकाळी दोन भाऊ माझ्यासमोर एकमेकाच्या अंगावर. त्यांना कुणाला व्हॅलिड टाइम समजावणार?

बांधावरचा

काका, तुमचं खरंय, पण त्यानं माझा मुद्दा पडत नाही, उलट अजून एक तारीख वाढली. ताबा कधीपासून, हक्क कधीपासून, नोंद कधीची. तारीख खोटी असेल तर ती 'दप्तराच्या मते' म्हणून ठेवा, माहीत नसेल तर 'या सालानंतर, त्या सालाआधी' असं ठेवा. पोस्टजीआयएस ज्या पोस्टग्रेस डेटाबेसवर चालतं त्यात डेटरेंजचा, म्हणजे 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असा कॉलम टाकता येतो, वर जीस्ट इंडेक्सचं एक्सक्लूजन बंधन लावलं की एकाच गटाच्या दोन नोंदी एकाच काळात घुसत नाहीत, घुसवली की डेटाबेसच हाकलून देतो. कुठलंही विकत सॉफ्टवेअर लागत नाही. लागतो तो नोंद खोडायच्या ऐवजी बंद करायचा स्वभाव.

स्लायडरवाला

एक्सक्लूजन बंधन लावा म्हणे! काकांच्या गावात एका तुकड्यावर दोघांचा एकाच वेळी दावा आहे, तो डेटाबेसनं हाकलला तर भाऊबंदकी मिटली का? दावे वेगळ्या टेबलात लागतील, ताबा वेगळ्या, हक्क वेगळ्या. बघा, तुमच्यासाठी मीच डिझाईन करायलो आता.

बरं ऐका, माझ्या पाणलोटाच्या कामात बंधाऱ्यांना 'बांधला' आणि 'फुटला' अशा दोन तारखा टाकतो, कारण फुटलेला बंधारा सुद्धा नकाशात पाणी अडवतोय हे मलाच खटकायचं. शेतांना वर्षाचाच लेअर राहील. हंगामाचे दोन करतो फार तर, नाथसागरवाल्याच्या चुलत्यासाठी. स्लायडर काढणार नाही.

उमरग्याकडचा

माझ्या ठिपक्याचं कुणी बोललंच नाही.

परळीची ताई

दादा, गावाचा कोड एक ठेवा आणि जागेच्या ओळी तीन करा: जुनी जागा, शेड, नवी जागा, प्रत्येकीला तारखा. शेड दोन-तीन ठिकाणी असतील तर तेवढ्या ओळी. गाव मेलं का हललं हे मामांना ठरवू द्या, टेबलाला त्याची गरज नाही.

उमरग्याकडचा

हे चालतंय. मामाला विचारून शेडच्या जागा टाकतो.

वरच्या अंगाचा

गाळाचा तक्ता नवा निघाला की ६५ टक्के लवकर भरतील मग, लक्षात आलं का तुमच्या? क्षमता कमी धरली की टक्का वाढतो. काढाच नवा तक्ता, आमचा पाठिंबा.

नाथसागर

बांधावरचे भाऊ, बघा हे! म्हणूनच जुना तक्ता मिटवू नका!

बांधावरचा

मिटवू नका हेच तर म्हणायलोय. आणि पाण्याचा धागा वेगळा काढा की रे.

लातूरकर काका

काढला तरी वरच्या वरच अडवतील.