काकाच्या मृत्यूची नोंद सापडत नाही, कुळागराची वाटणी अडलीय (डिचोली)

कुळागरकर
नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा वाट दाखवा. आमचं घर डिचोली तालुक्यात, घराला लागूनच कुळागर, पोफळी, माड, मिरी, थोड्या केळी. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. आजी १९७४ ला गेली, आजोबा १९८१ च्या ऑगस्टात, दोघांचे दाखले आहेत. मुलगे तीन, मोठे बाप्पा, माझे बाबा आणि धाकटा काका. बाप्पा आणि बाबा अलीकडे गेले, त्यांचेही दाखले आहेत. अडलंय ते काकाचं. काका पणजीला एका दुकानात हिशेब लिहायचा, तिथल्याच मळा भागात भाड्याच्या खोलीत राहायचा, लग्न झालेलं पण मूल नाही. पोटाचं दुखणं वाढलं म्हणून पणजीतच सरकारी हॉस्पिटलात नेला, तिथंच गेला, प्रेत गावी आणून इथल्या मसणात अग्नी दिला. पंचायतीत शोधलं, डिचोली नगरपालिकेत शोधलं, नाव कुठंच नाही. आणि वर्षही नक्की नाही हो, घरातले अर्धे म्हणतात आजोबांच्या आधी गेला, अर्धे म्हणतात नंतर. काकी ऐंशीच्या पुढची, पेडण्याला भावाकडे असते, तिला सगळं तुटक आठवतं. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो एक ॲफिडेव्हिट करू की काका १९७९ ला वारला, म्हणजे काकीचा प्रश्नच उरत नाही आणि गिऱ्हाईक तयार आहे तोवर व्यवहार करून मोकळे होऊ. माझं मन घेत नाही. दर मे महिन्यात या काकीनंच आम्हाला मळ्यातल्या त्या एका खोलीत आठ-आठ दिवस ठेवून घेतलंय, स्वतः दारात चटई टाकून झोपायची. तिला विचारल्याशिवाय तिच्या नवऱ्याच्या मरणाची तारीख आम्ही कोण ठरवणार? खरी नोंद कुठं मिळेल ते सांगा.

मळेकर
तुम्ही चुकीच्या गावात शोधताय. मृत्यूची नोंद माणूस जिथं मेला तिथं होते, घर कुठं, अग्नी कुठं दिला याच्याशी तिचा संबंध नाही. त्या काळात जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी हॉस्पिटल, बांबोळीला नव्हती, पणजीतच होती, आता इफ्फीच्या चित्रपट महोत्सवाच्या वेळी जिथं गर्दी असते ते जुनं जीएमसी, त्यामुळे नोंद पणजी नगरपालिकेच्या वहीत असणार, म्हणजे आताच्या महानगरपालिकेत. आणि घरच्यांनी कुणी नोंद केली नसेल म्हणून घाबरू नका, हॉस्पिटलात मृत्यू झाला की कळवायची जबाबदारी जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानं हॉस्पिटलच्या प्रमुखावरच टाकलीय. अर्ज कुणालाही करता येतो, कलम १७ खाली शोध मागायचा, वर्षागणिक फी लागते. काउंटरवर कुणी 'फक्त बायको-मुलांनाच देतो' म्हणालं तर शांतपणे ते कलम दाखवा. उताऱ्यात मरणाचं कारण देत नाहीत, बाकी सगळं मिळतं.

पेडणेकर७
मळेकर म्हणतात ते बरोबर, पण नाहीच मिळाली तर हात टेकू नका. पणजीतून 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला लेखी घ्यायचा आणि उशिराच्या नोंदणीचा अर्ज करायचा, कलम १३(३). पूर्वी एक वर्ष उलटलं की फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागायची, १ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हाधिकारी, उपजिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी ऑर्डर देऊ शकतो. ते मरणाची शहानिशा करतात म्हणून पुरावे गोळा करून ठेवा, मसणाची वही ठेवत असतील तर ती, दुकानाचा पगारपट, बँकेचं पासबुक, जुन्या मतदार याद्या, शेजारचं कुणी म्हातारं माणूस. सात वर्षं पत्ता नाही म्हणून मृत समजा असा दावा लावायला सांगणारेही भेटतील, त्यांचं ऐकू नका, तो रस्ता बेपत्ता माणसासाठी आहे, तुमच्या काकाला गावानं अग्नी दिलाय.

फोंडेकार
बाब, तुमच्या चुलतभावाला हे नीट वाचायला द्या. खोटं ॲफिडेव्हिट हा गुन्हा आहे ते तर आहेच, पण त्यानं काकी बाजूला होतच नाही. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक, दोघांची अर्धी-अर्धी, आणि त्यात वारशानं आलेलंही धरतात. म्हणजे १९७४ ला आजी गेली तेव्हा कुळागराचा अर्धा भाग तिचा होता, तो तिघा मुलांत वाटला गेला, कागद झाले नाहीत तरी हक्क त्याच दिवशी आला. काका तेव्हा जिवंत आणि लग्न झालेला होता ना? मग सगळ्या मिळकतीचा सहावा हिस्सा त्याला तेव्हाच आला आणि त्यातला अर्धा, म्हणजे बारावा हिस्सा काकीचा झाला. काका ७९ ला गेला म्हणून लिहा नाहीतर ७५ ला, तो बारावा हिस्सा काही हलत नाही.

आता आजोबांच्या नंतर गेला असेल तर त्याला आजोबांच्या अर्ध्यातूनही पूर्ण मिळकतीचा सहावा हिस्सा आला, एकूण तिसरा, आणि त्यातला अर्धा काकीचा, म्हणजे पूर्ण मिळकतीचा सहावा. हे तिचं स्वतःचं, वारसा म्हणून नव्हे. काकाचा उरलेला अर्धा तेवढा वारसांत जातो. एका तारखेनं म्हातारीचा हिस्सा दुप्पट होतो किंवा निम्मा होतो, एवढी ती तारीख महत्त्वाची आहे. तेव्हा ती अंदाजानं घालायची नाही, शोधायची. मृत्युपत्र कुणी केलं नव्हतं असं धरून सांगतोय, ते एकदा तपासा.

साखळीची_ताई
वर्षाचं सोडा, तिथी माहीत आहे का? काकाचं वर्षश्राद्ध कोण करायचं? मूल नाही म्हणजे बाप्पांनी किंवा तुमच्या बाबांनी केलं असणार. घरच्या भटजींकडे बघा, पिढीजात भटजी असले तर यजमानांच्या तिथ्या त्यांच्या वहीत असतात. म्हाळाची नुसती तिथी पुरत नाही, महिना आणि पक्ष दोन्ही हवेत. ते मिळालं की त्या-त्या वर्षाच्या पंचांगावरून तारीख निघते, मग सगळी वही चाळायची गरज नाही, दर वर्षाची चार पानं बघायची. आणि काकीला 'कुठल्या साली' असं विचारू नका हो, त्या वयात साल कुणाला सांगता येतं. चवथ झाली होती का, दिवाळीचे पोहे झाले होते का, सासरे होते का तेव्हा, असं विचारा. बायकांना सूतक कुठल्या सणावर आलं ते मरेपर्यंत आठवतं.

कुळागरकर
ताई, तुमचे आभार कुठल्या शब्दांत मानू. भटजींच्या मुलानं वडलांची वही काढली, कार्तिक वद्य सप्तमी. मग काकीकडे गेलो आणि ताईंनी सांगितलं तसं विचारलं. ती म्हणाली, "मामांचं वर्ष सरलं नव्हतं म्हणून त्या वर्षी आमच्याकडे दिवाळीच नव्हती रे, आणि त्यातच हे गेले." मामा म्हणजे माझे आजोबा. एवढं साल-बिल विसरलेली बाई, पण हे सांगताना एकदाही अडखळली नाही.

कार्तिक वद्य सप्तमी म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत कुठंतरी येते, पंचांगाप्रमाणे १९८१ ला नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. पणजीत त्याच वर्षाचा शोध मागितला. नोंद त्या दिवसात नव्हती, पुढं काही पानांवर होती, कारण वही नोंद केल्याच्या तारखेनं चालते, मरणाच्या नव्हे, हे शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मरणाची तारीख तिथीशी जुळते, बापाचं नाव बरोबर, पत्ता मळा. फक्त आडनावाच्या जागी आमच्या गावाचं नाव लागलंय, बहुतेक भरती करताना शेजाऱ्यानं सांगितलं असणार. पंचायतीतला आजोबांचा दाखला ऑगस्टचा, पणजीतला काकाचा नोव्हेंबरचा. म्हणजे काकीचा हिस्सा सहावा. चुलतभावाला दोन्ही दाखल्यांचे फोटो पाठवले, अजून काही बोललेला नाही. आता आडनावाचं काय करायचं?

फोंडेकार
फार बरं वाटलं वाचून. आडनावासाठी त्याच रजिस्ट्रारकडे कलम १५ खाली दुरुस्तीचा अर्ज करा, मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख घालतात. सोबत काकाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, आणि दोन्ही नावांचा माणूस एकच असं काकीचं आणि गावातल्या दोघा जाणत्यांचं ॲफिडेव्हिट जोडा.

मग इन्व्हेंटरी, म्हणजे गेलेल्यांच्या मिळकतीची यादी करून वाटणी करायचं कोर्टातलं काम. डीड ऑफ सक्सेशननं वारस कोण तेवढं ठरतं, सगळे राजी नसतील तर वाटणी दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरीत होते, आणि आजी, आजोबा, काका, बाप्पा, बाबा सगळ्यांचं एकत्र घालता येतं का ते वकिलाकडून बघून घ्या, परत परत फेरे वाचतात. तुमच्या आणि चुलतभावंडांच्या बायका-नवऱ्यांनाही त्यात पार्टी करावं लागतं, पुण्याच्या वहिनीची सही राहिली म्हणून ऐनवेळी अडू नका.

आणि एक काम आधी करा. काकीच्या लग्नाची सिव्हिल रजिस्ट्रारकडची नोंद काढा, लग्नाच्या सह्या डिचोलीत झाल्या की पेडण्यात ते तिलाच विचारा. तिचा अर्धा त्या लग्नावर उभा आहे, वेगळा करार झाला होता की नाही तेही तिथूनच कळेल. तिचं वय बघता हे पुढच्या आठवड्यात करा, वाटणीची बोलणी त्यानंतर.