भोग, छळ की सत्त्वपरीक्षा? ईयोबाच्या चित्रकथेतले ‘दुःख’

पटकथाकार : बायबलच्या जुन्या करारातले ‘ईयोब’ मराठी कॉमिकमध्ये आणायचे आहे. पाने ४८, वाचक १२ वर्षांपुढचे. कथा अशी : ईयोब नीतिमान माणूस; स्वर्गात देव आणि सैतान यांचे त्याच्याविषयी बोलणे होते आणि त्याची गुरेढोरे, मुले, आरोग्य सगळे जाते. मूळ ४२ अध्याय, त्यांत सुरुवात आणि शेवट गद्य, मधला मोठा भाग काव्य. पहिल्या खर्ड्यात पानोपानी ‘दुःख’ हाच शब्द आला आहे. तो कुठे बदलावा? आणि मुखपृष्ठावर ‘ईयोबाची सत्त्वपरीक्षा’ चालेल का?

संपादक : मराठीत दुःखाला शब्द पुष्कळ आहेत, पण बरेचसे शब्द दुःखाचे कारणही सोबत घेऊन येतात. ‘भोग’ म्हटले की मागचे कर्म आले. ‘छळ’ म्हटले की छळणारा आला. ‘सत्त्वपरीक्षा’ म्हटले की परीक्षा घेणारा आला आणि शेवटचा गोड निकालही आला. ‘व्यथा’ मनाची, ‘वेदना’ बहुधा शरीराची, ‘कळ’ आणि ‘ठणका’ तर बोट ठेवून दाखवता येण्याइतके शरीराचे. ईयोबाच्या पुस्तकात सगळा वाद कारणावरच आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र म्हणतात, तू काहीतरी केले असणार. ईयोब म्हणतो, मी केलेले नाही.

म्हणून ‘भोग’, ‘फळ’, ‘पेरलं तसं उगवलं’ ही भाषा फक्त मित्रांच्या बलूनमध्ये, म्हणजे संवादाच्या फुग्यात, ठेवा. ‘छळ’ आणि ‘जाच’ ईयोबाला द्या. निवेदनाच्या पट्टीत यांपैकी एकही शब्द नको. पट्टीत एकदा जरी ‘ईयोबाच्या वाट्याला हे भोग आले’ असे छापले गेले, तर लेखक मित्रांच्या बाजूने बोलला असे होते आणि पुढची तीस पाने लटकी पडतात. मराठीत ‘भोग’ इतका सहज तोंडात येतो की हा शब्द शेवटच्या प्रुफात पुन्हा शोधून काढावा लागतो.

‘सत्त्वपरीक्षा’ मुखपृष्ठावर नको. तो शब्द वाचला की आपल्याला हरिश्चंद्र आणि चिलया बाळ आठवतात. हरिश्चंद्राने विश्वामित्राला वचन दिलेले असते, आपण काय पाळतो आहोत हे त्याला ठाऊक असते, आणि शेवटी त्याचा मेलेला मुलगा रोहिदास उठून बसतो. ईयोबाने कसलेही वचन दिलेले नाही, आणि स्वर्गात काय बोलणे झाले ते त्याला शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. (लिहिताना दोन ‘त’ : सत्त्व. ‘सत्व’ नव्हे.)

चित्रकार : शेवटाचा मुद्दा चित्रातही सांभाळावा लागतो. गुरेढोरे दुप्पट होतात : ७,००० मेंढ्यांच्या १४,०००, ३,००० उंटांचे ६,०००. मुले मात्र दुप्पट होत नाहीत. पहिल्यासारखेच ७ मुलगे आणि ३ मुली, आणि ही नवी मुले आहेत. मेलेली परत येत नाहीत. शेवटच्या पानावर पहिल्या पानावरचेच चेहरे काढले तर वाचक ‘सगळे जिवंत झाले’ असे समजेल. चेहरे, केस, उंची बदला, आणि जेवणाच्या पंगतीत आईची नजर कुठेतरी दुसरीकडे ठेवा. तिथे एक शब्दही लागत नाही.

इब्रीची अभ्यासक : मुळातले, म्हणजे इब्री (हिब्रू) भाषेतले, दोन शब्द मराठीत अनपेक्षितपणे नीट बसतात.

एक ‘आमाल’. याचा अर्थ मेहनतही आणि त्रासही. आपल्या ‘कष्ट’चे तसेच आहे : संस्कृतात तो पीडेकडे झुकतो, मराठीत राबण्याकडे, तरी ‘मनाला कष्ट झाले’ आपण म्हणतोच. ५:७ मध्ये (अध्याय ५, ओवी ७) माणूस ‘आमाल’साठी जन्मतो, जशा ठिणग्या वर उडतात. इथे ‘दुःखासाठी’ लिहिले तर वाक्य प्रवचनाचे होते, ‘कष्टासाठी’ लिहिले तर माणसाचे. १६:२ मध्ये ईयोब मित्रांना ‘आमाल’चे सांत्वनकर्ते म्हणतो. बलूनसाठी : “तुमच्या धीर देण्याचेच कष्ट होतात मला.”

दुसरा ‘हिन्नाम’, म्हणजे फुकट, कारणाशिवाय. १:९ मध्ये सैतान विचारतो, ईयोब देवाला ‘हिन्नाम’ भितो काय? २:३ मध्ये देव त्याला म्हणतो, तू मला ‘हिन्नाम’ त्याच्यावर उठवलेस. ९:१७ मध्ये ईयोब म्हणतो, तो माझ्या जखमा ‘हिन्नाम’ वाढवतो. तिन्ही ठिकाणी एकच मराठी शब्द ठेवला पाहिजे, आणि ‘उगीच’ तिन्हीकडे चालतो : “ईयोब काय उगीच देवाला भितो?”, “उगीच त्याचा नाश करायला लावलंस मला”, “उगीच वाढवतो तो माझ्या जखमा”. पहिल्या ठिकाणी ‘फुकट’, दुसऱ्या ठिकाणी ‘निष्कारण’, तिसऱ्या ठिकाणी ‘विनाकारण’ असे केले की दुवा तुटतो. देवाने वापरलेला शब्द ईयोब नकळत उच्चारतो, एवढे वाचकाला ऐकू आले पाहिजे.

जाता जाता : ‘सैतान’ इथे मुळात विशेषनाम नाही. त्याला निश्चयवाचक उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखे) लागते. तो दरबारातला हुद्दा आहे, ‘फिर्यादी’च्या जवळचा. शिंगे आणि शेपूट काढू नका.

पटकथाकार : बायकोच्या वाक्याचे काय? ‘देवाला शाप द्या आणि मरा’ असे ठेवले आहे.

इब्रीची अभ्यासक : २:९ मध्ये मुळात ‘शाप’ शब्द नाही, तिथे ‘आशीर्वाद दे, स्तुती कर’ या अर्थाचे क्रियापद आहे. देवाशेजारी शाप लिहायला नको म्हणून उलटा शब्द घातला आहे, असे सहसा समजतात. मराठीत अशी उलटी भाषा जिवंत आहे : एखाद्या गोष्टीला ‘रामराम ठोकणे’ म्हणजे ती सोडणे. रामाचे नाव ईयोबाच्या देशात (त्याचे नाव ‘ऊस’) आणता येणार नाही, पण ‘नमस्कार’ आणता येतो : “करा देवाला शेवटचा नमस्कार, आणि सुटा एकदाचे.” भक्ती आणि निरोप, दोन्ही एका शब्दात. नवऱ्याशी ती ‘अहो’नेच बोलू दे, आदरार्थी रूपात ते वाक्य जास्त लागते.

चित्रकार : खापरीबद्दल. राखेत बसून ईयोब खापरीने अंग खाजवतो (२:८). इथे ‘ठिकरी’ वा ‘मडक्याचा तुकडा’ नको, ‘खापरी’च हवी, कारण पुढे मित्र त्याच्यावर जे करतात त्याला मराठीत ‘खापर फोडणे’ म्हणतात. पण हा वाक्प्रचार बलूनमध्ये आणू नका. चित्रात खापरी आणि शब्दांत खापर आले की कोटी होते आणि वाचक हसतो. खापरी हातात दिसत राहू दे, तेवढे पुरे.

मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत (२:१३). यासाठी समोरासमोरची दोन पाने द्या. सात आडव्या, सारख्या उंचीच्या चौकटी, दोन्ही पानांवरून आरपार. प्रत्येकीचा डावा भाग दिवस, उजवा रात्र. कोन बदलू नका. कंटाळा येईल या भीतीने एकदा वरून, एकदा पायाकडून असे दाखवले की काहीतरी घडते आहे असे वाटते, आणि इथे काही घडत नाही. बदलायची फक्त सावली आणि खापरीची जागा. जोडपान शिलाईशी येते, म्हणून मधल्या १० मिलिमीटरमध्ये कोणाचा चेहरा येऊ देऊ नका.

अक्षरांकनकार : आता मावण्याचे. इंग्रजी कॉमिकच्या मापाने काढलेला बलून मराठीला अपुरा पडतो. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार; म्हणून ओळींतले अंतर अक्षराच्या मापाच्या १३५ ते १४० टक्के ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या मात्रेत अडकतो. एका बलूनमध्ये १५ शब्द, फार तर १८. यापुढे गेला तर दोन बलून करून मानेने (अरुंद पट्टीने) जोडा.

जोर देण्यासाठी शब्द तिरपा करू नका. शिरोरेखा मोडल्यासारखी दिसते. मराठीत जोर ‘च’, ‘तर’, ‘ही’ यांनी येतो : “मी पाप केलंच नाही.” एवढे असताना ‘केलंच’ जाड करणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणे.

‘दुःख’ जिथे राहील तिथे दोन गोष्टी तपासा. विसर्ग खरा विसर्ग हवा, अपूर्णविराम नको. संहितेत ‘दु:ख’ आणि ‘दुःख’ मिसळले असतील तर शोधताना निम्मे सापडतच नाहीत. आणि हाताने अक्षरे काढताना ‘ख’चे दोन्ही भाग खाली जोडा, नाहीतर लहान मापात ‘रव’ वाचले जाते.

पटकथाकार : शेवटचे एक. ४२:६ ला ‘मी पश्चात्ताप करतो’ असे ठेवले आहे.

संपादक : मग मित्र बरोबर ठरले! पुढच्याच ओवीत, म्हणजे ४२:७ मध्ये, देव अलीफजला सांगतो की तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखे योग्य बोलला नाहीत.

इब्रीची अभ्यासक : ‘पश्चात्ताप’ जिथे घातला आहे त्या क्रियापदाचा धातू आणि मित्र ज्यासाठी आले त्या ‘सांत्वना’चा धातू एकच आहे. त्याआधीच्या क्रियापदाचा अर्थ ‘नाकारणे, मागे घेणे’ असा घेता येतो. बलूनमध्ये एवढेच लिहा : “मी माझे शब्द मागे घेतो.”

चित्रकार : आणि त्याच चौकटीत तो खापरी राखेवर ठेवतो. हात मोकळा.