ट्रायँगल (पायांच्या त्रिकोणात समोरच्याची मान आणि एक हात अडकवणं) लागतो, पण चोक (गळ्यावरचा दाब) बसत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. राहतो फोंड्याला, आठवड्यातून तीनदा कदंबाच्या बसने पणजीला जाऊन ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवर खेळायची कुस्ती) शिकतो. दीड वर्ष झालं, पट्टा अजून पांढराच. उंची पाच फूट पाच, पाय आखूड, मांड्या जाड.

क्लोज्ड गार्डमधून (पाठीवर झोपून पाय समोरच्याच्या कंबरेभोवती अडकवून) त्याचा एक हात माझ्या पायांच्या आत, एक बाहेर, इथपर्यंत जमतं. पाय मानेवर जातो, अडकवतोही. पुढे एकतर तो ताठ होऊन मान काढून घेतो, नाहीतर मला असा गुंडाळतो की माझे गुडघे माझ्याच तोंडावर येतात. परवा मिनिटभर आवळून धरलं. गोळे आले माझ्या मांडीला, आणि तो शांतपणे विचारतो, "झालं?" त्यात सध्या पाऊस. नो-गी (सरावाच्या जाड कुडत्याशिवाय) केलं तर घामाने सगळं निसटतं, गी (तो कुडता) घालावा तर तो चार दिवस वाळत नाही.

सर म्हणतात, "अँगल घे." म्हणजे नेमकं काय करू? की आखूड पायवाल्याने हा नाद सोडावा?

प्रतिसाद

पायांना दोष देऊ नका. मी ज्युदोवाला, आमच्याकडे ह्याला सांकाकु-जिमे म्हणतात. मानेची एक बाजू तुमची मांडी दाबते, दुसरी त्याचाच आत अडकलेला खांदा. दोन्ही बाजू दाबल्या तर काही सेकंदांत टॅप (थापटून हार मानणं). तुम्ही नाकासमोर सरळ झोपून आवळताय, म्हणून नुसता जबडा दुखतो.

समजा तुमचा उजवा पाय मानेवर आहे. लगेच कुलूप घालू नका. डाव्या हाताने स्वतःची उजवी नडगी धरा, म्हणजे त्याला ताठ होता येणार नाही. डावा पाय त्याच्या कंबरेवर रोवून उजवीकडे फिरा, त्याचा डावा कान समोर दिसेपर्यंत. उजव्या हाताने त्याचा डावा गुडघा आतून अडकवलात तर गुंडाळणंही अवघड जातं. मग उजवा घोटा डाव्या गुडघ्याच्या खोबणीत. पायाच्या बोटांवर कुलूप घालू नका, घोटा पिरगळतो (मी तीन आठवडे लंगडलोय).

मूळ प्रश्नकर्ता

काल कानाचं करून पाहिलं. परवाच्याच भिडूने टॅप केला, तेही मी जोर लावायच्या आधी! देव बरें करूं. गुडघा अडकवायला मात्र हात पोचत नाही, वजनदार माणूस अजून गुंडाळतोच. तिथे सोडून आर्मबारला (हात ताणून कोपरावर दाब द्यायचा डाव) जावं का?