प्रवेशाचा ताण आणि हुशार मुले: कोणती पुस्तके वाचावीत?

प्रश्न (न्यू जर्सीहून):
माझी मुलगी अकरावीत आहे. तिने यंदा पाच एपी विषय (शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) घेतले असून वादविवाद संघ आणि रविवारच्या मराठी शाळेत लहानग्यांना शिकवणे हेही ती सांभाळते. परवा रात्री एक वाजता मी पाणी प्यायला उठले, तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर रसायनशास्त्राच्या वहीवर डोके टेकून झोपलेली दिसली. हातातल्या हायलायटरचा पिवळा डाग गालावर उमटला होता. मीही पुण्यात बारावीचे वर्ष काढले आहे, पण तेव्हा दडपण एका परीक्षेचे होते. इथे कॉलेजच्या प्रवेशासाठी निबंध, शिफारसपत्रे, उपक्रम अशा सगळ्याच बाजूंनी मुलांना जोखतात आणि त्यात नेमके काय पाहिले जाते, हे मला उमगत नाही. आम्हा दोघींना वाचण्यासारखे काही सुचवाल का?

उत्तर १:
ताई, अलेक्झांड्रा रॉबिन्स यांचे ‘द ओव्हरअचीव्हर्स’ (२००६) जरूर वाचा. मेरीलँडमधील बेथेस्डा येथील वॉल्ट व्हिटमन हायस्कूल या आपल्याच जुन्या शाळेत परत जाऊन त्यांनी काही मुलांच्या आयुष्याचा मागोवा घेतला आहे. ‘सुपरस्टार’, ‘परफेक्शनिस्ट’, ‘स्लॅकर’ अशा शिक्क्यांनी ही मुले आपल्यासमोर येतात आणि प्रत्येक शिक्का किती तोकडा आहे, हे वाचता वाचता कळत जाते. मुलाचा पोहण्याचा सराव संपेपर्यंत गाडीत बसून मी ते वाचले, आणि त्या संध्याकाळी ‘आज टायमिंग किती आले?’ हा नेहमीचा प्रश्न मला त्याला विचारवला नाही.

उत्तर २:
पुस्तक उत्तमच आहे, परंतु दमलेल्या मुलीला ते आत्ताच देऊ नये, असे मला मनापासून वाटते. आधी तुम्ही जेफ्री सेलिंगो यांचे ‘हू गेट्स इन अँड व्हाय’ (२०२०) वाचा. एमरी, डेव्हिडसन आणि युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन या तीन ठिकाणी अर्ज कसे तपासले जातात, हे त्यांनी आत बसून पाहिले. जवळपास पक्के झालेले काही अर्जसुद्धा शेवटच्या टप्प्यात जागांचा मेळ घालण्यासाठी बाजूला काढले जातात, हे वाचल्यावर नकाराचा अर्थ ‘मुलगी कमी पडली’ असा लावता येत नाही. मागणी अफाट असलेली ‘सेलर्स’ आणि गुणवत्तेवर सवलत देऊन विद्यार्थी मिळवणारी ‘बायर्स’ अशी महाविद्यालयांची त्यांनी केलेली विभागणी तर यादी करताना थेट उपयोगी पडते.

उत्तर ३:
येलमध्ये शिकवलेल्या विल्यम डेरेसिविट्झ यांचे ‘एक्सलंट शीप’ (२०१४) प्रवेशानंतरच्या पोकळीविषयी आहे. त्यातील काही विधाने मला सरसकट वाटली, तरी पालकांनी ते चुकवू नये.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. सेलिंगो यांचे पुस्तक मी गावातल्या ग्रंथालयातून मागवले आहे. रॉबिन्स यांचे सुट्टीत, तेही लेकीने मागितले तर. बारावीच्या विषयांचा फॉर्म भरताना एखादा एपी कमी केला तर चालेल का, असे काल मी तिला विचारले, तेव्हा तिने ‘भौतिकशास्त्र’ हे उत्तर इतक्या चटकन दिले की, ती कितीतरी दिवस या प्रश्नाची वाट पाहत असावी.