मदत हवी आहे: बोटीच्या पुढच्या काचेवरचे जड पाण्याचे डाग निघत नाहीत

नमस्कार मंडळी,

बोट फायबरची आहे, गोड्या पाण्यात चालते. पुढची विंडशील्ड तीन भागांची, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली. काच खरी आहे, अ‍ॅक्रिलिक नाही: बोटाने टिचकी मारली की काचेचाच आवाज येतो आणि कोपऱ्यात टफन्ड ग्लासचा शिक्का आहे. बोट धुवायला धक्क्यावर नळ आहे, पण त्याला जमिनीखालचं, चांगलंच जड, म्हणजे क्षारांचं पाणी येतं.

डाग गोल आहेत. कडेला जाड पांढरी रेघ आणि मधली काच जवळजवळ स्वच्छ, अशी प्रत्येक थेंबाची एकेक कडी. खालच्या चौकटीला लागून, जिथे पाणी ओघळून थांबतं, तिथे कड्या एकमेकींत मिसळून सलग पांढुरका पट्टा झालाय. काच ओली केली की सगळं गायब होतं, वाळली की जसंच्या तसं परत.

दुपारी ऊन डोक्यावर असताना फारसं काही जाणवत नाही. पण सूर्य समोर आणि खाली असला की अख्खी काच दुधाळ होते. तेव्हा पाण्यातला बोया किंवा पोहणाऱ्याचं डोकं वेळेत दिसेल याची खात्री वाटत नाही, म्हणून उभं राहून काचेवरून बघत बोट चालवावी लागते. एवढ्यासाठीच हे विचारतोय, नुसती चकाकी हवी म्हणून नाही.

साबणपाण्याने काहीच फरक पडला नाही. काच पुसायच्या नेहमीच्या स्प्रेनेही नाही. व्हिनेगर मारून पुसल्यावर पातळ डाग गेले, जाड कड्या तशाच राहिल्या. आता यापेक्षा कडक आम्ल वापरावं का? ब्लेडने खरवडलं तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे हा थर काचेवर बसलाय की काच खाल्ली गेली आहे, हे ओळखायचं कसं? चौकट, रबर आणि खालचा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत वरचा थर) खराब होऊ द्यायचा नाहीये.

सुकाणू:

काच पुसायचा स्प्रे इथे चालणारच नाही. त्यात बहुधा अमोनिया असतो, म्हणजे तो अल्कधर्मी. तुमचा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, त्याला आम्लच लागतं. व्हिनेगरची निवड बरोबर आहे, फक्त त्याला काम करायला वेळ मिळत नाहीये. तिरप्या काचेवर मारलेलं व्हिनेगर मिनिटभरात ओघळून जातं. जाड थराला तेवढं पुरत नाही.

टिश्यू पेपर किंवा पातळ सुती फडका व्हिनेगरमध्ये भिजवून डागांवर चिकटवा. वरून स्वयंपाकघरातली चिकटणारी प्लास्टिक फिल्म लावा, म्हणजे वाळणार नाही. पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. हे सावलीत आणि काच गार असतानाच करायचं. मग फडका काढा, मऊ नायलॉन ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. गरज पडली तर परत लावा. एका दमात सगळं निघावं म्हणून आम्ल कडक करत जाण्यापेक्षा सौम्य आम्ल दोन-तीनदा लावलेलं बरं.

व्हिनेगर कमी पडलं तर सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्व. साधारण १०० मिलिलिटर कोमट पाण्यात एक-दोन चहाचे चमचे. ते काचेवर वाळू मात्र देऊ नका. सायट्रिक आम्ल आणि कॅल्शियमचं कॅल्शियम सायट्रेट होतं, ते पाण्यात फार कमी विरघळतं. वाळलं तर एक पांढरेपणा काढताना दुसरा बसतो.

आणि हे करताना भिंग घेऊन जवळून बघा. आम्ल लागल्यावर कडीवर बारीक बुडबुडे उठत असतील, तर तो कार्बोनेटच आहे आणि तो निघणार.

काचकाम:

वरच्या सल्ल्याशी सहमत. ब्लेडबद्दल मात्र सावध करतो.

टफन्ड काच भट्टीतून जाते तेव्हा तिच्या एका बाजूला कधीकधी काचेचीच अतिसूक्ष्म कणी चिकटून राहते. ती डोळ्यांना दिसत नाही. ब्लेड त्या कणीवर आलं की ती सुटते आणि ब्लेडखाली फरफटत जाऊन लांब बारीक चरे पाडते. दोष ब्लेडच्या धारेचा नसतो, त्यामुळे नवं कोरं ब्लेड घेऊनही हे टळत नाही. खरवडायचंच असेल तर प्लास्टिकची पट्टी घ्या.

स्टील वूल सर्वात बारीक, म्हणजे चार शून्याचं, ओल्या काचेवर चालतं. कॅल्साइटची, म्हणजे तुमच्या कॅल्शियम कार्बोनेटच्या थराची, कठीणता मोहस् मापावर ३, काचेची साडेपाचच्या आसपास, म्हणून थर निघतो आणि काच वाचते. पण बोटीवर मी ते वापरत नाही. त्याचे तुटलेले तंतू जेलकोटवर आणि फटींत पडतात आणि काही दिवसांत तिथे गंजाचे ठिपके उठतात. तेच काम ब्रॉन्झ वूल करतं, त्याला गंज चढत नाही.

आम्लाआधी चौकटीवर आणि रबरावर मास्किंग टेप लावा. खालच्या जेलकोटवर ओलं जाड कापड अंथरा आणि ते ओलंच ठेवा. अ‍ॅल्युमिनियमच्या अ‍ॅनोडायझिंगला, म्हणजे त्यावरच्या संरक्षक थराला, आम्ल मानवत नाही, तीव्र अल्कलीही नाही. काम झालं की खाण्याचा सोडा घातलेलं पाणी चौकटीवरून फिरवा आणि परत साध्या पाण्याने धुवा. जेलकोटवर आम्ल सांडलं तर तिथलं मेण निघतं, ते नंतर पुन्हा लावावं लागेल.

कडक आम्ल म्हणून कोणी म्युरिअ‍ॅटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) सुचवलं तर नको म्हणा. त्याच्या वाफेनेही स्टेनलेसचे रेलिंग आणि स्क्रू डागाळतात. आणि बाटलीवर हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड लिहिलेलं असेल, तर कृपा करून ती हातातही घेऊ नका. ते डागाखालची काचच खातं. कातडीवर सांडलं तर सुरुवातीला कदाचित दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत इजा होते. कुठलंही आम्ल ब्लीचजवळ नेऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. टिश्यू आणि फिल्मचा उपाय केला, आधी व्हिनेगर, मग लिंबूसत्व. भिंगातून बुडबुडे स्पष्ट दिसले: आधी कडीच्या जाड रेघेवर, मग रेघ तुटत तुटत नाहीशी. वरचा आणि मधला भाग आता जवळजवळ पूर्ण स्वच्छ आहे.

खालचा पट्टा बराच फिका झालाय, पण गेलेला नाही. तिथे आता आम्ल लावलं तर एकही बुडबुडा येत नाही. काही ठिकाणी जुन्या प्लास्टिक कार्डाची कड फिरवली की किंचित अडते, काही ठिकाणी अजिबात अडत नाही, तरी डाग दिसतो. याचा अर्थ काय लावायचा?

काचकाम:

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कार्ड अडतं तिथे अजून थर आहे, पण तो कार्बोनेटचा नाही. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेली सिलिका असते, ती वाळून बसली की व्हिनेगर, लिंबू कशालाच दाद देत नाही, कारण ती काचेच्याच जातीची. तिला घासूनच काढावं लागतं.

कार्ड अडत नाही आणि डाग दिसतो, तिथे बहुतेक काच खाल्ली गेली आहे. थेंब काचेवर फार वेळ थांबला की काचेतलं सोडियम पाण्यात उतरतं, थेंब अल्कधर्मी होत जातो. पीएच ९ च्या वर गेला की काचेचा सिलिकाचा सांगाडाच विरघळायला लागतो. खालच्या पट्ट्यात पाणी सर्वात जास्त वेळ थांबतं, म्हणून तिथेच हे झालंय. रात्री टॉर्च काचेला जवळजवळ समांतर धरून भिंगातून बघा. थर उंचवट्यासारखा दिसेल, खाल्लेली काच बारीक खड्ड्यांसारखी.

दोन्हींवर उपाय एकच, सेरियम ऑक्साइड, म्हणजे काच पॉलिश करायची पावडर. पाण्यात साईइतकं घट्ट कालवा आणि आधी एका कोपऱ्यात फेल्टच्या तुकड्याने हातानेच घासून बघा. बरेचदा सिलिकेचा थर एवढ्यावरच जातो. खड्ड्यांसाठी मशीन लागेल: फेल्ट पॅड, कमी वेग, सतत पाण्याचा फवारा. मधूनमधून काचेला हात लावून बघा. गरम लागली तर थांबा, एकाच जागी तापली की काच तडकते.

आणखी एक, डागापुरतंच घासत बसू नका. तिथे उथळ खळगा पडतो आणि त्यातून पाहिलं की समोरचं हलल्यासारखं दिसतं. डागाच्या बरंच बाहेरपर्यंत, कडेला हलका हात ठेवून फिरवा. तुमच्या बाबतीत नशीब असं की पट्टा अगदी खाली आहे, नजर जाते तिथे नाही. तिथे थोडा धूसरपणा राहिला तर मी राहू देईन. नजरेसमोरच्या भागात खोल खड्डे असते, तर घासण्याऐवजी काच बदलायलाच सांगितलं असतं.

सुकाणू:

पुढच्यासाठी: धुतल्यावर काचेवरचं पाणी रबरी वायपरने लगेच ओढा, खालच्या चौकटीतलं फडक्याने टिपा. हे रोज झालं तर बाकी कशाची फारशी गरज पडत नाही. शक्य असेल तर शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा, तेच बॅटरीत घालतो ते. स्प्रेच्या बाटलीतलं थोडंसं पुरतं. त्यात क्षारच नसल्याने वाळलं तरी मागे काही राहत नाही. सॉफ्टनर लावून मात्र डाग थांबत नाहीत. तो कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, तेही वाळून दिसतंच, फक्त साध्या पाण्याने निघतं.

धागाकर्ता:

कोपऱ्यात हाताने घासून पाहिलं, कार्ड अडत होतं तिथला थर गेला. खड्डे आहेत, पण बसल्यावर नजर त्यांच्या वरून जाते, म्हणून मशीन लावणार नाही. शेवटची शंका: पाणी झटकणारं कोटिंग मिळतं, ते आता मारून ठेवावं का?

काचकाम:

मारा, पण त्याच्या भरवशावर पुसणं सोडू नका. कोटिंगवर पाण्याचे गोल टपोरे थेंब होतात. बोट चालू असताना ते वाऱ्याने उडतात. धक्क्यावर उन्हात उभी असताना मात्र जागेवरच वाळतात आणि प्रत्येकाची कडी उमटते. फायदा एवढाच की कडी काचेऐवजी कोटिंगवर बसते आणि व्हिनेगरच्या एका हातात निघते. लावण्याआधी काच एकदा अल्कोहोलने पुसून घ्या, पॉलिशचा अंश राहिला तर कोटिंग धरत नाही.